खेळयंत्रांचे सूर आणि संथ गिटार

नाणे टाकले की चालू होणारी आणि डाव हरला की थांबणारी खेळयंत्रे १९७० नंतरच्या दशकात जपानात आणि अमेरिकेत जागोजागी उभी राहिली. पडद्यावर ठिपक्यांची चित्रे हलत, खेळणारा दांडी फिरवी, कळ दाबी, आणि यंत्राच्या पोटातून सूर उमटत. अशा यंत्रांच्या दालनास आर्केड म्हणत. त्या दालनांचा काळ पुष्कळसा ओसरला. सूर मात्र उरले. हे सूर विजेच्या गिटारवर, अगदी संथ लयीत, नव्याने बांधण्याचा छंद आज कित्येक वादकांना लागला आहे. ह्या बांधणीस ‘ॲम्बियन्ट रॉक’ म्हणतात. ॲम्बियन्ट म्हणजे भोवताली भरून राहणारे. श्रोतेहो, ह्या उद्योगाकडे पोरखेळ म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे: जे संगीत माणसाला घाई करण्यासाठीच जन्मास आले, त्यातील घाई काढून घेतली तर उरते काय?

मूळ सूर कसे होते ते आधी पाहू. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ काढला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. पडद्यावर परग्रहावरील ५५ शत्रू, अकरा-अकरांच्या पाच रांगांत, पावलापावलाने खाली सरकत येतात, त्यांना टिपावयाचे. त्यांच्या चालीबरोबर चार खर्जाचे सूर पुन्हा पुन्हा वाजतात. एवढेच संगीत! पण शत्रू जसजसे कमी होतात तसतशी उरलेल्यांची चाल वाढते आणि सुरांची लयही चढते. चाल वाढण्याचे कारण मौजेचे आहे. यंत्राचा गणक एका वेळी एकच शत्रू पुढे सरकवू शकत असे. पंचावन्न जण असता सर्वांचे एक पाऊल पडावयास जवळजवळ एक सेकंद लागे. एकच उरला की तो क्षणोक्षणी धावू लागे. म्हणजे यंत्राच्या दुबळेपणातूनच ही गती जन्मली. सुरांची लय तिला जुळवून ठेवलेली असल्यामुळे खेळणाऱ्याच्या छातीचे ठोकेही त्या लयीने पडू लागत. हात चुके, डाव संपे, आणि दुसरे नाणे खिशातून निघे.

पुढे यंत्रे जरा गाऊ लागली. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये एका वेळी तीन सूर काढण्याची सोय होती. प्रत्येक सुराची लाट ३२ पायऱ्यांत बसविलेली, आणि प्रत्येक पायरीची उंची १६ पैकी एक. चौकटीच्या कागदावर मुले नक्षी काढतात, तसाच हा प्रकार. अशा तुटपुंज्या साधनांत तोशिओ काई यांनी जी छोटीशी सुरुवातीची धून बांधली, ती आजही लोक ऐकताक्षणी ओळखतात. साधने अपुरी होती, म्हणूनच चाल पक्की असावी लागे. नादाचे सौंदर्य दाखवावयास तेथे जागाच नव्हती.

आता गिटार काय करते ते पाहू. तार छेडली की आधी आघात ऐकू येतो, मग सूर, आणि तो लागलीच विरू लागतो. ॲम्बियन्ट वादक हा आघातच काढून टाकतो. तो आवाज बंद ठेवून तार छेडतो आणि मग पायाखालच्या पट्टीने आवाज हळूहळू उघडतो. सूर कोठून सुरू झाला ते कळत नाही. पहाटेच्या उजेडासारखा तो आलेला असतो. कोणी ई-बो नावाचे लहानसे उपकरण तारेवर धरतात. ते विद्युच्चुंबकाच्या जोरावर तार सतत कंपित ठेवते, आणि गिटार गजाच्या वाद्यासारखी गाऊ लागते. त्यावर प्रतिध्वनीचे थर चढतात. ह्या थरांची एक जुनी युक्ती रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो ह्या इंग्रज कलावंतांनी १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेत वापरली. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची फीत दुसऱ्यात नेली की, वाजविलेला सूर काही सेकंदांनी परत येतो आणि नव्या सुरात मिसळतो. एकटा वादक अशा रीतीने स्वतःचीच साथ करतो.

आपल्याकडे पेटीविषयी जो वाद झाला तो येथे आठवतो. पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, सूर सुटेसुटे पडतात, हा तिच्यावरील मुख्य आक्षेपांपैकी एक. १९४० साली नभोवाणीने तिला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. खेळयंत्राचा सूरही पुष्कळदा असाच पायरीपायरीचा. गिटारवादक त्या पायऱ्यांमधील मोकळी जागा भरून काढतो. मात्र दुसऱ्या एका अंगाने गिटार आणि यंत्र सख्खी भावंडे आहेत. रॉकमध्ये ध्वनिवर्धकावर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकतात. त्यामुळे सुराच्या गोल लाटेचा माथा छाटला जाऊन ती चौकोनी होऊ लागते. जुन्या यंत्रांतही पुष्कळ सुरांची लाट चौकोनीच असे. म्हणून खरखरीत गिटारवर ही धून उपरी वाटत नाही.

ज्या १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, त्याच साली ईनो यांची विमानतळासाठी कल्पिलेली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ‘ॲम्बियन्ट’ हे नाव रूढ झाले. एरिक साती ह्या फ्रेंच संगीतकाराने १९१७ मध्येच घरातील टेबल-खुर्च्यांसारखे न खुपणारे ‘फर्निचर-संगीत’ सुचविले होते. दोन्हीकडे पुनरावृत्ती आहे, पण जात वेगळी. ईनो यांनी कमीजास्त लांबीच्या फिती एकाच वेळी फिरविल्या. त्यामुळे सुरांची गाठ दर वेळी नव्या ठिकाणी पडते. खेळयंत्रात मात्र स्मरणशक्ती तोकडी म्हणून तेच ते वाजे. एक पुनरावृत्ती हौसेची, दुसरी गरिबीची.

ह्या दोघींची गाठ घालून देणारा माणूसही जपानीच होता: हारुओमी होसोनो. त्यांच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ ह्या वाद्यवृंदाने १९७८ च्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत खेळयंत्रांच्या आवाजांची नक्कल केली होती. १९८४ मध्ये होसोनो यांनी नामको कंपनीच्या खेळांतील संगीत एकत्र करून त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. त्यात युरिको केइनो ह्या बाईंनी ‘झेव्हियस’ खेळासाठी रचलेली, काही क्षणांत पुरी होऊन अखंड फिरत राहणारी धून आहे. त्याच सुमारास होसोनो यांनी एका दुकानात मंद वाजत राहावे म्हणूनही संगीत केले. त्या काळी अशा रचनाकारांची नावे कंपन्या बहुधा उघड करीत नसत. कित्येक जण टोपणनावाखाली झाकलेले राहत. आजचा वादक जेव्हा धुनेबरोबर केइनो किंवा काई हे नाव घेतो, तेव्हा एक जुने देणे फिटते, असे मला वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सर्वच धुनांना हा संथपणा मानवत नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे ते चार सूर संथ केले की ते निव्वळ चार सूर राहतात, त्यांचा सारा अर्थ लय चढण्यात होता. तेथे वादकाने नवे काही तरी केले असे म्हणावे, जुने जपले असे म्हणू नये. ‘झेव्हियस’ची धून मात्र तरते, कारण फिरत राहणे हा तिचा स्वभावच आहे. आणि पुष्कळांच्या हातून एक दोष घडतो: प्रतिध्वनी इतका ओततात की चालच बुडते. आमच्या शाळेच्या रिकाम्या सभागृहात मुले एकदम ओरडतात तेव्हा नाव कोणाचे घेतले ते कळत नाही, तशातला प्रकार. ज्या धुनेने तीन सुरांत संसार केला, तिची चाल ऐकू आलीच पाहिजे.

अशा बांधणीची ज्यांना गोडी लावून घ्यावयाची आहे, त्यांनी ‘आउटरन’पासून आरंभ करावा. १९८६ चा हा सेगा कंपनीचा मोटारीचा खेळ. संगीत हिरोशी कावागुची यांचे. खेळणारा आधी मोटारीतील रेडिओवर तीन धुनांपैकी एक निवडतो आणि मग सुसाट निघतो. ह्या धुना पुढे कंपनीच्याच ‘एस. एस. टी. बँड’ने रंगमंचावर वाजविल्या. त्यात गिटार कोइची नामिकी यांच्याकडे असे. परंतु संथ गिटारवाल्यांनी विशेषतः ऐकावी अशी एक चौथी धून ह्या खेळात आहे. ‘लास्ट वेव्ह’, म्हणजे शेवटची लाट, हे तिचे नाव. शर्यत संपते, गुण मोजले जातात, नामावलीत आपले नाव नोंदवावयाचे असते. मोटार थांबलेली, घाई कसलीच नाही. अशा वेळी ती हळुवारपणे वाजते आणि तिच्यामागे समुद्राच्या लाटा ऐकू येतात. ही धून वाजविताना गिटारवादकाला लय उतरवावी लागत नाही.