हुमणीचे पुस्तक कोठे आहे?

उर्दूत ज्याला तुम्ही ‘कुतुबखाना’ म्हणता, त्याला मराठीत ‘ग्रंथालय’ किंवा ‘वाचनालय’ म्हणतात. तुमच्यापैकी बरेच जण तेथे गेले असतील. गोष्टीचे पुस्तक हवे असेल, तर कपाटापुढे उभे राहून चाळता येते. पण एखाद्या विशिष्ट गोष्टीची माहिती हवी असेल तर काय करायचे? पुस्तकाचे नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. माहीत आहे तो फक्त विषय. अशा वेळी पुस्तक कसे शोधावे, हे या पाठात आपण पाहू.

त्यासाठी आपण मनाने वारणानगरला जाऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात वारणा नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. तात्यासाहेब कोरे यांनी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे दूध संघ, शाळा आणि महाविद्यालये आली. आजूबाजूच्या शिवारात जिकडे तिकडे ऊस दिसतो. उसाच्या पैशावर घर चालते, मुलांची फी भरली जाते, बहिणीचे लग्न होते.

या उसाचा एक शत्रू आहे. त्याचे नाव हुमणी. हुमणी ही पांढरट रंगाची अळी जमिनीखाली राहते आणि उसाची मुळे खाते. वरून पाहिले तर ऊस पिवळा पडलेला दिसतो. मग तो वाळतो आणि हाताने ओढला की सहज उपटून येतो. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

समजा, तुमच्या वर्गातील एका मित्राच्या शेतात मागच्या वर्षी हुमणी लागली होती. यंदा काय करावे, हे त्याच्या वडिलांना जाणून घ्यायचे आहे. मित्र तुम्हांला बरोबर घेऊन तालुक्याच्या एका वाचनालयात जातो. तेथे पुस्तकांची यादी संगणकावर आहे. पडद्यावर तीन चौकटी दिसतात : लेखक, ग्रंथनाम आणि विषय. तुम्ही विषयाच्या चौकटीत ‘हुमणी’ असे लिहिता. क्षणात उत्तर येते, ‘एकही नोंद सापडली नाही.’

मित्राचा चेहरा पडतो. तुम्ही दोघे परत फिरता. पण थांबा! पुस्तक तेथेच, चार पावलांवरच्या कपाटात आहे. मग संगणकाने ‘नाही’ असे का सांगितले?

हे समजण्यासाठी ग्रंथालयाची यादी कशी तयार होते, ते पाहिले पाहिजे. पुस्तकांच्या याद्या करण्याची कला फार जुनी आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अन-नदीम नावाचा एक विद्वान होता. त्याने हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास अरबी भाषेतील पुस्तकांची एक मोठी यादी तयार केली. तिचे नाव ‘अल्-फिहरिस्त’. तिचे दहा भाग होते आणि ते विषयांप्रमाणे पाडलेले होते. याच शब्दावरून तुमचा ‘फेहरिस्त’ शब्द आला आणि जुन्या मराठी दप्तरांत तोच ‘फेरिस्त’ झाला.

पुढे छापखाने आले आणि पुस्तके वाढली. १८७६ साली अमेरिकेतील चार्ल्स कटर या ग्रंथपालाने यादी करण्याचे नियम लिहिले. वाचकाला पुस्तक लेखकाच्या नावावरून, पुस्तकाच्या नावावरून आणि विषयावरूनही सापडले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून जुन्या ग्रंथालयांत लहान लहान खणांची लाकडी कपाटे असत. त्या खणांत एकाच पुस्तकाची निरनिराळी कार्डे ठेवलेली असत. एक लेखकाचे, एक नावाचे आणि एक किंवा अधिक विषयांची. आजच्या संगणकावरील तीन चौकटी म्हणजे तीच कार्डे होत.

त्याच १८७६ साली मेल्विल ड्यूई याने आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक विषयाला एक अंक असतो. शेतीला ६३०, पिकांवरील रोग व किडींना ६३२, उसाच्या लागवडीला ६३३.६१ असा अंक आहे. मराठी साहित्याला ८९१.४६ आणि उर्दू साहित्याला ८९१.४३९ हे अंक आहेत. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर हाच अंक असतो. कपाटात पुस्तके या अंकांच्या क्रमाने लावतात.

पण येथे एक अडचण येते. पुस्तक ही एक वस्तू आहे. ती एकाच जागी ठेवता येते. विषय मात्र अनेक जागी पसरलेला असतो. वारणानगरच्या उसाचेच उदाहरण घ्या. ऊस कसा लावावा, हे सांगणारे पुस्तक ६३३.६१ मध्ये जाईल. उसापासून साखर कशी बनते, हे सांगणारे पुस्तक ६६४.१ मध्ये, म्हणजे वेगळ्याच कपाटात जाईल. आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी कारखाना कसा चालवावा, हे सांगणारे पुस्तक ३३४ मध्ये, म्हणजे सहकाराच्या कपाटात जाईल. पीक एकच, पण पुस्तके तीन ठिकाणी!

ड्यूईला ही अडचण माहीत होती. म्हणून त्याने अंकांबरोबर एक सूचीही दिली. त्या सूचीत एका शब्दाखाली त्या विषयाचे सर्व अंक एकत्र सापडतात. कपाटाने जे विखुरले, ते सूचीने गोळा केले. विषयसूचीचे खरे काम हेच आहे.

आपल्या देशातील डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी या कामात मोठी भर घातली. त्यांचा जन्म १८९२ साली झाला. ते आधी गणिताचे शिक्षक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे साऱ्या जगात त्यांचे नाव झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. विषयसूची करताना त्यांनी साखळीची युक्ती सांगितली. आपल्या उदाहरणात ती अशी होईल : शेती, पिके, ऊस, कीड, हुमणी. साखळीतील प्रत्येक कडीची सूचीत नोंद करायची. मग वाचक कोणत्याही कडीला हात घालो, तो त्या पुस्तकापर्यंत पोचतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, त्या वाचनालयातील पुस्तकाचे नाव आहे ‘उसावरील किडी व त्यांचे नियंत्रण’. यादी करणाऱ्याने विषय लिहिला आहे, ‘ऊस : रोग व किडी’. हुमणीवर पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे, पण ‘हुमणी’ हा शब्द नोंदीत कोठेच नाही. संगणक पुस्तक उघडून वाचत नाही. तो फक्त नोंदीतली अक्षरे पाहतो. तुम्ही लिहिलेली अक्षरे त्याला तेथे दिसली नाहीत, म्हणून तो ‘नाही’ म्हणाला. माणसाला अर्थ कळतो. यादीतील संगणक अक्षरे जुळवतो.

बरे, तुम्ही ‘ऊस’ असे लिहिले असते तर? विषयाच्या चौकटीत पुस्तक सापडले असते, कारण तेथे ‘ऊस’ असाच शब्द आहे. पण ग्रंथनामाच्या चौकटीत ते कदाचित सापडले नसते! नीट पाहा. मराठीत ‘ऊस’ दीर्घ ‘ऊ’ ने लिहितात. पण प्रत्यय लागला की तो ‘उसाचा’, ‘उसावर’ असा ऱ्हस्व होतो. तुमच्या डोळ्याला तो एकच शब्द. संगणकाला मात्र ‘ऊ’ आणि ‘उ’ ही दोन निराळी अक्षरे वाटू शकतात. म्हणून व्याकरणाच्या तासाला शिकलेले ऱ्हस्व-दीर्घ येथे उपयोगी पडते.

कधी याच्या उलट होते. तुम्ही ग्रंथनामाच्या चौकटीत ‘साखर’ लिहिता आणि पुस्तकांचा ढीग समोर येतो. त्यात साखर कारखान्याची पुस्तके असतात, गोड पदार्थांची असतात आणि रक्तातील साखर, म्हणजे मधुमेहाची पुस्तकेही असतात. शब्द एक, विषय तीन. अशा ढिगातून आपले पुस्तक शोधणे म्हणजे पुन्हा वेळ घालवणेच.

या दोन्ही अडचणींवर ग्रंथपालांनी एक उपाय काढला आहे. एका विषयासाठी अनेक शब्द असले, तर त्यांतील एक शब्द ते ठरवून घेतात. त्या विषयाच्या सर्व पुस्तकांना तोच शब्द देतात. या ठरलेल्या शब्दाला ‘विषयशीर्षक’ म्हणतात. उरलेल्या शब्दांना ते सोडून देत नाहीत. त्यांच्यापुढे वाट दाखवणारी पाटी लावतात. जसे, ‘शर्करारोग : पाहा मधुमेह’. दुसरी एक पाटी असते ती ‘हेही पाहा’ अशी. ‘ऊस : हेही पाहा साखर उद्योग’. पहिली पाटी योग्य शब्दाकडे नेते, दुसरी शेजारच्या विषयाकडे नेते.

तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि शाळेत आणखी दोन-तीन शिकता. म्हणून ही गोष्ट तुम्हांला लवकर समजेल. उर्दूतील ‘शकर’ म्हणजे मराठीतील ‘साखर’. येथे शब्द वेगळे, अर्थ एक. पण उर्दूत ‘जिराअत’ म्हणजे सर्व प्रकारची शेती. मराठीत ‘जिरायत’ म्हणजे केवळ पावसावर होणारी शेती. येथे शब्द मुळात एक, पण अर्थ वेगळा. यादी करणाऱ्याला रोज असेच प्रश्न पडतात. वाचक कोणत्या शब्दाने विचारील, याचा त्याला आधीच विचार करावा लागतो.

वारणानगरची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणेच्या संस्था तिच्यात सहभागी होत्या. गावोगावी संगणक आले. त्या काळी ही मोठी नवलाची गोष्ट होती. या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामासाठी झाला. पुढे काही वर्षांनी हीच माहिती मोबाइलवरील संदेशाने देण्याचाही प्रयोग तेथे झाला.

आता विचार करा. उसाचा हिशेब संगणकातून काढणे सोपे का? कारण हिशेबाला क्रमांक असतो. क्रमांक एकच असतो. त्याला दुसरे नाव नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. ज्ञान असे एका क्रमांकाने मागता येत नाही. ‘माझा ऊस का वाळतो?’ या प्रश्नाला क्रमांक नसतो, त्याला शब्दच लागतो. म्हणून यंत्र कितीही चांगले असले, तरी विषयाला नाव देण्याचे काम माणसाला नीट करावे लागते. आज ग्रंथालयांसाठी ‘ई-ग्रंथालय’, ‘सोल’, ‘कोहा’ अशा संगणक प्रणाली आहेत. ‘ई-ग्रंथालय’ ही तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानेच तयार केली आहे. ‘कोहा’ न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली प्रथम वापरात आली. या प्रणाली क्षणात शोधून देतात. पण ज्या नावाने ठेवले असेल, त्याच नावाने!

मग पुन्हा त्या वाचनालयात चला. या वेळी रिकाम्या हाताने परतायचे नाही. ‘हुमणी’ या शब्दाने काही आले नाही, तर साखळीतील एक पायरी वर चढा. ‘कीड’ लिहून पाहा. मग ‘ऊस’ लिहून पाहा. एखादे जवळचे पुस्तक सापडले, की त्याची पूर्ण नोंद उघडा. तिच्यात विषयशीर्षक दिलेले असते. तेच शीर्षक घेऊन पुन्हा शोधा. त्याच विषयाची इतर पुस्तके पुढे येतील. नंतर अंक टिपून घ्या आणि कपाटाकडे जा. त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची पुस्तकेही चाळा. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहा. हुमणीचे पान तेथे मिळेल.

त्या पानावर कामाची माहिती आहे. पहिले वळवाचे पाऊस पडले, की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात. ते कडुनिंब आणि बाभळीच्या झाडांवर बसतात. त्याच वेळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले, तर ते जमिनीत अंडी घालू शकत नाहीत. हे काम एकट्याने नव्हे, साऱ्या गावाने मिळून करायचे असते. म्हणजे हे पान पहिल्या पावसाच्या आधी वाचले तर ऊस वाचेल. पावसाळा संपल्यावर वाचले, तर फक्त हळहळ वाटेल.

जाता जाता एक गोष्ट विसरू नका. ग्रंथपालांना सांगा, “सर, आम्ही ‘हुमणी’ असे शोधले, पण पुस्तक सापडले नाही. त्या नोंदीत हा शब्द घालता येईल का?” त्यांना एक ओळ वाढवायला दोन मिनिटे लागतील. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणत्या तरी गावाचा शेतकरी तोच शब्द लिहील आणि त्याला पुस्तक पहिल्याच खेपेस मिळेल.

स्वाध्याय

१. ‘हुमणी’ या शब्दाने शोधल्यावर पुस्तक का सापडले नाही?
२. उसाविषयीची पुस्तके ग्रंथालयात तीन वेगवेगळ्या ठिकाणी का असतात?
३. ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
४. अर्थ एकच, पण उर्दू आणि मराठीत शब्द वेगळे, अशा पाच जोड्या लिहा.
५. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील कोणतेही एक पुस्तक घ्या. वाचक ते कोणकोणत्या शब्दांनी शोधील, याची यादी करा.