गाडीची खोटी आणि घडीची सायकल

कापडाच्या धंद्यात सूत, मजुरी, रंगाई, भाडे यांचा हिशोब आपण पैशापर्यंत ठेवतो. एक हिशोब मात्र कोणाच्याच वहीत नसतो. तो म्हणजे आपल्या दारात उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरचा वेळ. गाठी बांधून झाल्या नाहीत, हमाल जेवायला गेले, ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला, अशा कारणांनी गाडीची खोटी होते. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असते. तिथे नाक्याबाहेर रात्र होईपर्यंत थांबावे लागते. या वेळात ड्रायव्हर काय करतो? केबिनमध्ये पडून राहतो, चहा पितो, तंबाखू मळतो. पुन्हा आठ-दहा तास स्टिअरिंग धरून बसणे आहेच.

मालेगावचे कोरे कापड प्रोसेससाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याला जाते. आमचा माल नेणारे एक ड्रायव्हरभाई पन्नाशीच्या पुढचे आहेत. परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते म्हणून ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सेठ, चालू कुठे? हायवेच्या कडेला की धाब्याच्या अंगणात? गुडघेही दुखतात." परवाना गेला तर घरातल्या सहा माणसांची रोजी गेली, ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

पुढे त्यांच्या मुलाने त्यांना एक जुनी घडीची सायकल आणून दिली. आम्ही सगळे हसलो. ट्रक चालवणाऱ्याला सायकल कशाला? पण ही वस्तू खेळण्यातली नाही. दुसऱ्या महायुद्धात बीएसए या ब्रिटिश कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली बनवल्या होत्या. आजच्या सायकलीची चाके साधारण 20 इंचांची असतात, वजन 12 ते 15 किलोच्या आसपास. मधल्या दांड्याला बिजागरी असते. कडी उघडून सायकल मधोमध दुमडायची, हँडल खाली पाडायचे, सीट आत सरकवायची. हात बसला की मिनिटभराचे काम. सीटच्या मागच्या झोपायच्या फळीवर ती मावते. सायकलवर शरीराचा भार सीटवर येतो, त्यामुळे गुडघ्यांना चालण्यापेक्षा त्रास कमी होतो.

आमच्या ड्रायव्हरभाईंनी पहिल्या आठवड्यात गोदामाच्या आवारातच दहा-दहा मिनिटे फेऱ्या मारल्या. मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग किती ठेवावा? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका दम लागला की पुरे. दुसरा फायदा त्यांनी स्वतःच सांगितला. ट्रक गल्लीत नेता येत नाही, सायकल नेता येते. त्यामुळे जवळच्या मशिदीत जमातीने नमाज मिळते, बाजारातून फळे आणता येतात, धाब्याच्या तेलकट जेवणावर अवलंबून राहावे लागत नाही. दीड वर्षात त्यांचा पट्टा दोन भोके आत गेला आहे. साखर आटोक्यात आहे. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करणार नाहीत.

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखरेचे औषध चालू असेल तर खिशात खजूर किंवा साखर ठेवावी. रात्रभर गाडी चालवली असेल तर आधी झोप, मग सायकल. हायवेवर सायकल काढू नये, गोदामाचे आवार किंवा आतला रस्ता बरा. बसण्यापूर्वी बिजागरीची कडी घट्ट लागली आहे का ते रोज पाहावे. केबिनमध्ये सायकल दोरीने बांधून ठेवावी, नाहीतर ब्रेक मारताच ती पुढे घसरून पायात येईल. आणि गाडीत माल असेल तर क्लीनर किंवा चौकीदार असल्याशिवाय गाडी सोडू नये. माल अमानत आहे.

आता आपल्याविषयी. आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, असा एका हदीसचा आशय आहे. तिथे आलेला 'मगबून' हा शब्द सौद्यात फसलेल्या माणसासाठी वापरतात. आम्हा व्यापाऱ्यांना हा शब्द लवकर समजायला हवा. ड्रायव्हरची फुरसत आपण फुकट घेतो आणि त्याचे आरोग्य त्यात जाते. मी स्वतः कित्येक वेळा गाठी तयार नसताना सकाळीच गाडी बोलावून ठेवली आहे. हातात राहावी म्हणून! आता माल बांधून झाल्यावरच ट्रान्सपोर्टला फोन करतो.

सायकल नवी घेतली तर साध्या सायकलीपेक्षा महाग पडते. मालकाने किंवा व्यापाऱ्याने बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती भाड्यातून थोडी-थोडी वळती करावी. गोदामात सावलीची जागा आणि पिण्याचे पाणी ठेवावे. एवढे केले तरी पुष्कळ. आपला लाखोंचा माल रात्रीच्या अंधारात ज्याच्या डोळ्यांच्या भरवशावर जातो, त्याची तब्येत हीसुद्धा आपल्या धंद्याचीच बाब आहे. पुढच्या वेळी गाडी दारात उभी राहील, तेव्हा घड्याळाकडे एकदा ड्रायव्हरच्या नजरेने पाहा.