कमानीची तीन कामे

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगत खाडीच्या बाजूस पसरलेली देवनारची कचराभूमी १९२७ पासून शहराचा केरकचरा पोटात घेत आली आहे. आणि सुमारे १३२ हेक्टरांचा हा मुलूख ना खडकाचा, ना मातीचा, तर आतल्या आत कुजून थराथराने खचत जाणारा असल्यामुळे, त्यावर चढणाऱ्या वाहनाची जी परीक्षा तेथे होते ती डांबरी रस्त्यावर सहसा होत नाही. ओझ्याने दबलेला ट्रक वर जातो आणि थोड्याच वेळात रिकामा होऊन खाली उतरतो. या दोन्ही अवस्थांत त्याची चाके जमिनीला धरून राहावीत, ही तजवीज ज्या भागाकडे सोपवलेली असते, त्या सस्पेन्शनचा परिचय करून घेण्यास देवनारइतके योग्य स्थळ विरळाच.

ट्रकच्या चाकांमागे वाकून पाहिले असता प्रथम दृष्टीस पडते ती कमान. उतरत्या लांबीचे पोलादी पाटे एकावर एक रचून, मधोमध सेंटर बोल्टने ओवून, यू-बोल्टांनी ते ॲक्सलला जखडलेले असतात. कमानीचे एक टोक चेसीसला पिनेने खिळलेले, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर ठेवलेले असते, कारण भाराखाली कमान सपाट होताना तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट हवी असते. घोडागाडीसाठी अशा कमानींचे पेटंट इंग्लंडात ओबादाया एलियट याने १८०४ साली घेतले. तेव्हापासून ही रचना टिकून राहिली याचे कारण असे की ती एकटी तीन कामे करते. ती भार पेलते, ॲक्सलला आपल्या जागी धरून ठेवते, आणि पाट्यांच्या परस्पर घर्षणाने हेलकावे काही अंशी शमवते. शिवाय मालवाहू ट्रकात मुख्य कमानीवर आणखी एक आखूड, ताठ कमान बसवलेली असते. तिला कारागीर ‘हेल्पर’ म्हणतात. गाडी रिकामी असताना ती अलिप्त राहते आणि भार चढला की कामाला लागते.

जीपचा इतिहास हा याच कमानीचा इतिहास होय. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप पुढेमागे अखंड ॲक्सल आणि चार कमानी घेऊनच जन्मली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी आरंभली तेव्हा तीच रचना या भूमीवर रुजली. २०१० च्या महिंद्रांच्या थार गाडीत पुढची चाके टॉर्शन बारवर, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यावर, स्वतंत्र झाली, तरी मागे पाटे कायम राहिले. २०२० च्या थारने मात्र पाट्यांची रजा घेतली. मागचा ॲक्सल अखंड ठेवून त्याला जागेवर धरण्याचे काम लिंकांकडे, भार पेलण्याचे कॉइल स्प्रिंगकडे आणि हेलकावे शमवण्याचे शॉकअपकडे, अशी कामांची रीतसर वाटणी झाली.

या वाटणीचे अत्यंत प्रगत रूप पाहावयाचे तर ते साइड-बाय-साइड या ऑफ-रोड वाहनात पाहावे. दोन आसने शेजारी-शेजारी, भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, आणि प्रत्येक चाक लांब बाहूंवर स्वतंत्र. पोलॅरिस कंपनीच्या आरझेडआर एक्सपी १००० या गाडीत चाक पुढे १६ इंच, तर मागे १८ इंच वर-खाली होऊ शकते. अशा अनेक गाड्यांत शॉकअपवर दोन स्प्रिंगा एकावर एक बसवतात. छोटे धक्के दोन्ही मिळून मृदुपणे पचवतात, आणि मोठा धक्का आला की वरची स्प्रिंग थांबून खालची ताठ स्प्रिंग एकटी भार घेते. देवनारच्या ट्रकावरील हेल्पर हेच तत्त्व सांगते: आधी मऊ, मग कठीण.

म्हणूनच सस्पेन्शन सुधारू पाहणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा की तीनपैकी कोणते काम बिघडले आहे. माणसे व सामान चढल्यावर गाडी फारच खाली बसत असेल तर दोष स्प्रिंगच्या ताकदीचा आहे. तेथे नुसता नट आवळून स्प्रिंगवरचा आरंभीचा दाब वाढवला, तर गाडी उंच दिसेल, पण स्प्रिंगची मूळ ताकद तीच राहील, आणि चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी लागणारी चाल उलट कमी होईल. गाडी धक्क्यानंतर डोलत राहत असेल तर दोष शॉकअपचा. त्यातले तेल धक्क्याच्या शक्तीची उष्णता करते. लांब पल्ल्यात ते तापून फेसाळते आणि मग जोर धरत नाही, यास्तव चांगल्या शॉकअपला नायट्रोजनच्या दाबाखाली तेल ठेवणारी वेगळी टाकी जोडलेली असते. शॉकअपची परतीची चाल फार सैल ठेवल्यास गाडी उसळते. फार आवळल्यास पुढच्या खड्ड्यापूर्वी चाक खाली पोचत नाही आणि गाडी टप्प्याटप्प्याने दबत जाते. चाक भलत्याच दिशेला ओढत असेल तर सांध्यांतले बुश, बॉल जॉइंट आणि बाहू तपासावेत. उंची वाढवण्याच्या हव्यासाने तर ॲक्सलच्या सांध्यांचे कोन तीव्र होतात, गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरक्या उतारावर गाडी उलटण्याचे भय वाढते.

या कामात कायद्याचीही हद्द आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पाडणारा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन कठोरपणे अधोरेखित केले. एमएच-०३ (मुंबई पूर्व) पाटीची जीप वाटेल तशी उंचावणे म्हणूनच गैर ठरते; झिजलेला भाग त्याच मापाच्या चांगल्या भागाने बदलणे ही निराळी गोष्ट. गाडीत फेरफार न करताही चिखल-खडकांची हौस भागवू पाहणाऱ्यांसाठी इगतपुरीजवळ महिंद्रांची प्रशिक्षण अकादमी आहे, आणि तिथे शिकलेला चालक निम्मे धक्के आपल्या हातांनीच टाळतो.

महागडा भाग विकत घेऊन बसवणे सोपे असते. भार मोजणे, जमीन ओळखणे आणि दोष नेमका कुठे आहे हे हुडकणे कष्टाचे असते. तरीही क्रम हाच असला पाहिजे: आधी झिजलेले बुश, मग शॉकअप, मग भाराला साजेशी स्प्रिंग, आणि बाहूंना हात सर्वांत शेवटी. ज्या कारागिराने कमानीची तिन्ही कामे मनात वेगळी करून पाहिली आहेत, त्याच्याच हाती गाडी सोपवावी. कारण एक काम सुधारताना दुसरे बिघडणार नाही, याची जबाबदारी तोच पेलू शकतो.