तळणीच्या तेलाचा शेवट

चोर्ला घाटाने किंवा आंबोलीमार्गे बेळगावास जाणाऱ्या आमच्या वाचकांस तेथील भज्या-वड्यांचा वास नवा नाही. पुढे निपाणीकडे वळावे तर पुणे-बंगळूर महामार्गावर धाबे व खाणावळी भेटत राहतात. या कढया दिवसभर तापतात. परंतु रात्री त्यांत उरलेल्या काळ्या तेलाचे काय होते, हे खाणारा विचारीत नाही आणि तळणारा सांगत नाही.

अनेक ठिकाणी ते फडक्यातून गाळून, त्यात ताजे तेल मिसळून पुन्हा चुलीवर चढते. गाळल्याने जळका चुरा निघतो, तेल डोळ्यांस स्वच्छ दिसते. पण वारंवार तापल्याने त्यात तयार झालेले ध्रुवीय घटक फडक्यात अडकत नाहीत. गाळणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. अशा घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून कायद्याने खाण्यास वर्ज्य ठरले आहे.

मग हे तेल गटारात ओतावे काय? मुळीच नाही. पोटास जे अपायकारक, ते इंजिनास उपकारक ठरू शकते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. आजची रीत अशी की, तेल गाळून, तापवून त्यातील पाणी काढतात. मग मिथेनॉल व कॉस्टिक यांची प्रक्रिया करतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते व वर बायोडिझेल राहते. पाणी राहिले तर इंधनाऐवजी साबणच पदरी पडतो.

मात्र हे काम परसदारी करण्याचा मोह कोणी धरू नये, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावेसे वाटते. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसतही नाही. घराने गाळून, पाणी न मिसळता तेल साठवावे. पुढील प्रक्रिया जाणकारांवर सोपवावी.

दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकास द्यावे, असा नियम १ मार्च २०१९ पासून आहे. परंतु हातगाडीवाल्याची कढई इतकी मोठी नसते. त्याला केवळ दंडाचा धाक दाखवून भागणार नाही. उरलेल्या तेलाचा रास्त दाम त्याच्या हाती पडला पाहिजे. बेळगावात १९९८ पासून तंत्रशास्त्राचे विद्यापीठ आहे, नगरसंस्थाही आहेत. आठवड्यातून एकदा बाजारपेठेत तेल गोळा करण्याची व्यवस्था त्यांना अशक्य नाही. सीमेचा वाद आपल्या जागी राहो. काळ्या तेलाला कानडी-मराठी भेद ठाऊक नाही.

आणि चतुर्थीच्या नेवऱ्या तळून झाल्यावर आपल्याही कढईत तेल उरतेच. त्याचा हिशेब आपण केव्हा मांडणार?