किनाऱ्यावरील कसबी : लेखांक सहावा
माडीचा धंदा आणि सरकारी परवाना

गेल्या आठवड्याच्या लेखांकात लोहार, सुतार आणि कुंभार या तीन कसब्यांचा परामर्श घेताना त्यांच्या हातच्या मालाचे गिऱ्हाईक म्हणून ज्याचा उल्लेख वारंवार करावा लागला, तो माडावर चढून माडी काढणारा भंडारी हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. दारूशी संबंध असलेल्या धंद्याविषयी आदराने लिहिणे पुष्कळांना रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या मुलखाचा आर्थिक इतिहास लिहावयाचा आणि त्यातून माडीवाल्याला वगळावयाचे, हे मिठागर वगळून शिरोड्याचे वर्णन करण्यासारखे होईल. शिवाय या माणसावर गेल्या शतकभरात कायद्याने जो अन्याय केला, त्याची नोंद आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे अलुते-बलुतेदारांचे जे चित्र मराठी वाचकांच्या मनात ठसले आहे, ते मुख्यतः देशावरचे आहे. पांढरीभोवती कूस घातलेले, एकवट वस्तीचे गाव हा त्याचा आधार. आमच्या किनाऱ्यावर गाव म्हणजे खाडी, डोंगर आणि भातशेती यांच्यामध्ये विखुरलेल्या वाड्यांचा समूह. त्याची घडी देवस्थान, मानकरी आणि गावकर यांच्याभोवती बसलेली. आणि कसब्याचा मोबदलाही खळ्यावरच्या बलुत्याइतकाच रोखीने किंवा वस्तुविनिमयाने चुकविला जाणारा. अशा गावात माडीवाल्याचे स्थान बलुतेदाराचे नव्हते, तसेच ते पेठेतल्या दुकानदाराचेही नव्हते. माड बहुधा दुसऱ्याचा, कसब त्याचे, आणि विक्री त्याच्याच घरच्या ओटीवर, पुष्कळदा त्याच्या कारभारणीच्या हातून, असा हा व्यवहार होता.

याच्याशी तुलना करण्याजोगी स्थिती इंग्लंडच्या खेड्यांत सापडते. तेथे एकोणिसाव्या शतकात परगण्यापरगण्यांच्या व्यावसायिक नामसूची छापल्या जात. केलीची नामसूची त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. त्यांतील खेडेगावांची पाने चाळली, तर एकाच नावापुढे ‘लोहार व बीअरविक्रेता’ किंवा ‘चाकेकरी व बीअरविक्रेता’ अशा जोडधंद्याच्या नोंदी ठिकठिकाणी आढळतात. याचे कारण १८३० सालच्या बीअर कायद्यात आहे. वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळाच्या काळात झालेल्या या कायद्याने, जो करदाता गृहस्थ वर्षाला दोन गिनी भरील त्याला न्यायाधीशांची मनधरणी न करता आपल्या राहत्या घरात बीअर गाळण्याची व विकण्याची मुभा दिली. जिनसारख्या कडक दारूपासून लोकांना सौम्य पेयाकडे वळवावे आणि बड्या मद्योत्पादकांची मक्तेदारी मोडावी, असे दोन हेतू त्यामागे होते. त्याचा परिणाम असा झाला, की थोड्याच काळात हजारो घरांवर बीअरच्या पाट्या लागल्या आणि दिवसा ऐरणीवर घण घालणारा माणूस संध्याकाळी त्याच घराच्या पुढल्या खोलीत शेजाऱ्यांना पेला भरून देऊ लागला. १८६९ साली ही मोकळीक आवळली जाऊन परवाना पुन्हा न्यायाधीशांच्या अखत्यारीत गेला. तरीही बीअर विकणारा हा गावच्या कारागिरांपैकीच एक, ही समजूत तेथे कायम राहिली. त्याच इंग्रज सरकारने आमच्या किनाऱ्यावर मात्र नेमके उलट धोरण अवलंबिले. त्याकडे वळण्यापूर्वी मूळ कसब जवळून पाहणे अवश्य आहे.

माडाच्या शेंड्यात झावळ्यांच्या बेचक्यातून फुलोऱ्याची जी बंद पोय निघते, ती उमलू न देता तिच्यातील रस बाहेर काढणे, हे या विद्येचे सार. खोडावर पायांपुरत्या खाचा पाडून, कमरेला काती अडकवून आणि पात्र बांधून माणूस वर चढतो. कोवळी पोय सुंभाने घट्ट आवळतो, म्हणजे ती फुटत नाही. आणि मग दररोज तिच्यावर लहानशा जड ठोकणीने सर्वांगी हलके आघात करतो. हे आघात जोराचे पडले तर पोय कुजते आणि कमी पडले तर रस सुटत नाही. त्याचे प्रमाण हाताला कळावे लागते आणि ते शिकविण्याचे दुसरे साधन नाही. हळूहळू पोय वाकवीत तिचे तोंड खाली आणावयाचे, टोक तासावयाचे, आणि काही दिवसांच्या या आराधनेनंतर थेंब पडू लागला की खाली मडके अडकवावयाचे. यानंतर दिवसाकाठी तीन वेळा माड चढणे ठरलेले: सकाळ-संध्याकाळ रस उतरविण्यासाठी, आणि दुपारी केवळ टोकाची पातळ चकती काढून जखम ताजी ठेवण्यासाठी. दिवसाला एका माडापासून साधारणपणे लिटर-दीड लिटर रस मिळतो. एवढ्यासाठी भर पावसाळ्यात, निसरड्या खोडावरून आणि वाऱ्याने डोलणाऱ्या शेंड्यावर, दहा-वीस माडांची ही फेरी चुकवून चालत नाही, कारण एक दिवस तासणी चुकली तर पोय आटते.

मडक्यात पडणारा ताजा रस मधुर असतो. त्यात शेकडा बारा ते पंधरा इतकी साखर असते. मडक्याला आतून चुना लावून तो आंबू दिला नाही, तर तीच नीरा, आणि ती आटविली म्हणजे माडाचा गूळ. चुना नसेल तर हवेतील व मडक्यातील किण्व काही तासांत आपले काम करते आणि रसाची माडी होते. तिच्यातील मद्यांश शेकडा चार ते सहाच्या आसपास, म्हणजे इंग्लंडच्या बीअरइतकाच. बरेच दिवस तशीच राहिली तर तिचा शिरका बनतो, आणि भट्टीवर चढविली तर फेणी. एकाच झाडाच्या एकाच रसापासून, केवळ वेळेच्या आणि विस्तवाच्या फरकाने, गोड पेय, गूळ, मद्य, आंबट आणि अर्क असे पाच जिन्नस उत्पन्न करणारा हा धंदा ‘दारूचा धंदा’ या दोन शब्दांत बसवावयाचा, हाच मुळी कायदे करणाऱ्यांचा पहिला दोष होय.

या धंद्याभोवती इतर कसब्यांची वीण किती दाट होती, हेही पाहण्यासारखे आहे. मडकी सतत फुटत, आणि जुनी झाली की आंबटपणा धरून रस बिघडवीत. म्हणून कुंभाराला त्यांची मागणी बारमाही. काती वस्तऱ्यासारखी धारदार लागे. तिचे पाते लोहाराच्या भात्यावाचून टिकत नसे. सुंभ वळणाऱ्या बायका खाडीच्या चिखलात नारळाची सोडणे कुजत घालून काथ्या काढीत. सरहद्दीपलीकडे गोव्यात, जेथे माडी काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात, पाव भाजणारा पोदेर आपली कणीक याच माडीने फुगवीत असे, आणि ख्रिस्ती घरांतील सणाचे सांनां तिच्याशिवाय हलके होत नसत. माडीवाला बसला की हे सारेजण थोडेथोडे बसत.

राज्यकर्त्यांनी या उत्पन्नावर कर घेऊ नये, असे कोणी म्हटलेले नाही. नारळ धरावयाचा माड आणि रस काढावयाचा माड असा भेद पूर्वापार होता. दुसऱ्या प्रकाराला भंडारमाड म्हणत. ज्या समाजाने हे कसब सांभाळले, त्याचे शौर्यही सर्वश्रुत आहे. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्या काळच्या मराठी आरमारात गाबितांच्या बरोबरीने भंडारी होते, आणि १६७९ च्या खांदेरीच्या प्रकरणात मायनाक भंडारी याचे नाव इंग्रजांना पक्के ठाऊक झाले होते. उंच डोलकाठीवर वाऱ्यात निर्भयपणे चढणारे आणि रोज दहा-वीस माड चढणारे पाय एकाच वळणाचे असावेत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१८१२ साली मालवण व वेंगुर्ले कंपनी सरकारकडे आले. तरी खरा पालट घडला तो १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने. आबकारी खात्याचे प्रमुख चार्ल्स प्रिचर्ड यांच्या दृष्टीने हजारो ओट्यांवर विखुरलेली गाळणी व विक्री म्हणजे महसुलाची गळती; तेव्हा ती थोड्या ठिकाणी गोळा करावी, विक्रीचा हक्क मक्त्याने द्यावा, आणि ज्या झाडाचा रस काढावयाचा त्या प्रत्येक झाडावर परवाना व कर बसवावा, असा नव्या पद्धतीचा आराखडा होता. झाडावरचा कर हा शब्द सौम्य दिसतो. पण त्याचा अर्थ माडीवाल्याच्या बाजूने लावून पाहावा. माडाने रस दिला काय किंवा भुंग्याने शेंडा पोखरला काय, कर ठरलेला. पूर्वी हंगाम पाहून माड धरणारा व सोडणारा माणूस आता आगाऊ रक्कम भरून, सरकारी खूण झालेल्या झाडांशी बांधला गेला. ज्याच्याजवळ रोकड नव्हती त्याने मक्तेदाराचा हात धरला. आणि ओटीवर बसून विकणारा स्वतंत्र कसबी दुसऱ्याच्या दुकानाला रस पुरविणारा मजूर झाला.

गोव्यानेही ही झळ सोसली. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये जो तह झाला, त्यातील अटींनुसार ब्रिटिश हद्दीतली आबकारी पद्धत गोव्यास लागू झाली. त्याचा जाच गोव्यातील रेंदेरांना व बागायतदारांना इतका झाला, की तहाविरुद्ध तेथे तीव्र असंतोष माजला. १८९२ साली मुदत संपताच तो तह पुन्हा करण्यात आला नाही. पोर्तुगीज प्रजेची सुटका बारा वर्षांच्या अंमलबजावणीनंतर झाली. मालवण तालुक्यातल्या भंडाऱ्याला ती सवलत मिळावयाची नव्हती. त्यातील पुष्कळ तरुणांनी मुंबईची वाट धरली. तेथे कोणी माहीम-दादरच्या वाड्यांत पुन्हा माडावर चढले, कोणी गिरण्यांत गेले, आणि कोणी शिकून शिक्षक, कारकून, वकील झाले. आज भंडारी समाजातल्या बहुसंख्य घरांचा माडीशी संबंध उरलेला नाही, तो या स्थलांतरापासूनच सुटत गेला.

यानंतर आली दारूबंदी. तिच्यामागील हेतूविषयी माझ्या मनात आदरच आहे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे दुःख ज्या कार्यकर्त्यांनी पाहिले, त्यांचा आग्रह खोटा नव्हता. परंतु मुंबई राज्याने १९४९ साली जो कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून सर्वत्र जारी केला, त्याने सौम्य माडी आणि कडक दारू या दोहोंना एकाच दंडाचे धनी ठरविले. नीरेची मुभा ठेवली होती खरी. पण ताजी नीरा काही तासांत आंबते, आणि आंबली की ती बाळगणे गुन्हा. मालवणच्या उकाड्यात, रस्ते व वाहने यांची वानवा असताना, हा व्यवहार किती घरांना पोसणार होता? पुढे जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. माडी काढणाऱ्याने माड सोडला, कारण माडावर चढलेला माणूस दुरून दिसतो आणि शिपायाला सापडतो. आणि त्याची जागा रानातल्या हातभट्टीने घेतली, जिला काळा गूळ आणि नवसागर यांशिवाय काही लागत नाही, कसब तर मुळीच नाही. सरहद्दीपलीकडे पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात दारू मुक्त असल्यामुळे बांद्याकडून चोरटी आयात सुरू झाली, ती वेगळीच. सौम्य पेय गेले आणि जहाल पेय आले. १८३० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने जे टाळू पाहिले, तेच आम्ही सव्वाशे वर्षांनी आमच्या हाताने घडवून आणले.

१९६३ नंतर वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत बंधने सैल झाली, आणि ताडी-माडीची दुकाने पुन्हा लिलावाने दिली जाऊ लागली. पण लिलाव हा मक्त्याचाच दुसरा अवतार. दुकान घेणारा निराळा, झाडे निराळीकडे, आणि माडावर चढणारा मिळेनासा झालेला. अशा स्थितीत दुकानात विकले जाणारे पांढरे पाणी कोणत्या झाडाचे, असा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारू नये, हेच त्या धंद्याच्या सोयीचे ठरते. राज्यात ठिकठिकाणी ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे मादक रसायन मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली, ती या व्यवस्थेची स्वाभाविक फळे आहेत. ओटीवर विकणाऱ्या जुन्या माडीवाल्याला असे करणे परवडले नसते; त्याचे गिऱ्हाईक म्हणजे त्याचाच शेजारी, आणि त्याच्या घरची मुलेही सकाळी त्याच मडक्यातला गोड रस पीत.

याच न्यायाने काजूकडेही पाहावे. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथील भट्ट्यांना प्रतिष्ठा आली. तिळारीच्या अलीकडे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांत, तीच झाडे आणि तोच बोंडू. परंतु येथे गर काढून घेतल्यावर बोंडवांचे ढीग बागेत कुजत पडतात, कारण ते गाळण्याची रीतसर वाट शेतकऱ्याला सुलभ नाही. एका हद्दीच्या दगडाने अलीकडे गुन्हा आणि पलीकडे वारसा ठरावा, हे कोणत्याही विचारी माणसाला पटण्यासारखे नाही. माझी मागणी माफक आहे. ज्याच्याजवळ माड वा काजूची बाग आहे, किंवा ज्याच्या अंगी ते कसब आहे, अशा रहिवाशाला थोड्या झाडांचा, थोड्या फीचा आणि स्वतःच्या नावाचा परवाना तालुक्याच्या ठिकाणी मिळावा. मालाची तपासणी खुशाल कडक असावी. आणि लिलावातला मधला मक्तेदार वगळावा.

प्रिचर्ड यांच्या हुद्द्याचे पूर्ण नाव ‘जकात, मीठ, अफू व आबकारी यांचे कमिशनर’ असे होते. माडीवाल्यावर ज्या कचेरीतून हुकूम सुटत, त्याच कचेरीतून शिरोड्याच्या मिठागरांवरही सुटत. आणि १९३० च्या मे महिन्यात तेथे जो सत्याग्रह झाला, त्याची मुळे याच कारभारात शोधावी लागतात. मीठ पिकविणाऱ्या आगरांचा विचार पुढील लेखांकात करू.