एका प्रसिद्ध वादकाचा स्वर कसा घडतो?

गिटार हें वाद्य आतां आपल्या भागास परकें राहिलेलें नाहीं. पनवेल, पेण किंवा कर्नाळ्याच्या आसपासच्या एखाद्या गांवींहि संध्याकाळच्या वेळीं ओटीवरून त्याच्या तारांचा नाद कानीं पडतो. विद्यार्थी एखाद्या नामांकित वादकाचें वादन ऐकतो, मोहून जातो, आणि ‘असाच आवाज माझ्या वाद्यांतून कां निघत नाहीं?’ असा प्रश्न त्यास पडतो. मग तो वडिलांकडे हट्ट धरून एखादी विजेची पेटी विकत आणवितो. आवाज कांहीं तसा निघत नाहीं. पैसा फुकट गेला असें वडिलांस वाटतें, व आपल्या अंगीं गुणच नाहीं असें मुलास वाटतें. ह्या दोन्ही समजुती बहुधा चुकीच्या असतात. प्रसिद्ध वादकाचा स्वर ही एक सांखळी असते. तिची एकच कडी विकत घेऊन सारी सांखळी हातीं येत नाहीं. ती सांखळी कशी उलगडावी, हें एका खऱ्या उदाहरणावरून येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही ‘क्वीन’ ह्या इंग्रज वाद्यवृंदांतील ब्रायन मे ह्यांस निवडलें आहे. ह्या वृंदाशीं आपल्या महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. त्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फरुख बलसारा, हा पारशी मुलगा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला. तेथें तो पियानो वाजवी, व सन १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांनीं काढलेल्या ‘हेक्टिक्स’ नांवाच्या वृंदांत त्यानें भाग घेतला. पुढें १९७० सालीं लंडन येथें ‘क्वीन’ची स्थापना झाली. परंतु मे ह्यांस निवडण्याचें खरें कारण निराळें आहे. त्यांच्या स्वरांतील बहुतेक प्रत्येक कडी कशाची आहे हें ठाऊक आहे, आणि त्यांतल्या कित्येक कड्या घरगुती आहेत.

प्रथम स्वराचा ‘गुण’ म्हणजे काय तें पाहूं. तंबोरा, बांसरी व पेटी ह्या तिन्हींवर एकच षड्ज लाविला तरी डोळे मिटून आपण तीं वाद्यें ओळखतों. कारण कोणताहि नाद एकटा नसतो. सेकंदास ११० कंपनें करणारी तार त्याच वेळीं २२०, ३३०, ४४० अशीं कंपनेंहि करीत असते. ह्या वरच्या कंपनांस उपस्वर म्हणावें. कोणते उपस्वर किती जोरानें उमटतात व किती वेळ टिकतात, ह्यावर नादाची जाति ठरते. मिरजेच्या तंबोऱ्याचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् गोलट असते. तिच्यावर तारेखालीं सुताचा धागा सरकवितांच जवारी खुलते व स्वर झणकारूं लागतो. तार तीच, हातहि तोच. परंतु घोडीला होणाऱ्या सूक्ष्म स्पर्शानें उपस्वरांची गर्दी उसळते. ह्या घोडीचें शास्त्रीय रहस्य चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं आपल्या निबंधांत विशद केलें. धाग्यानें जें काम साधतें, तेंच काम विजेच्या गिटारवर निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या साधनांनीं करावें लागतें.

आतां पहिली कडी, म्हणजे वाद्य. मे ह्यांची गिटार कोणत्याहि कारखान्यांत झालेली नाहीं. पुरेसे पैसे नव्हते, म्हणून १९६३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यांनीं व त्यांचे वडील हॅरोल्ड मे ह्यांनीं ती घरींच करावयास घेतली. वडील विद्युत्-यंत्रांचे जाणकार होते. काम सुमारें दोन वर्षें चाललें. वाद्याची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटींतील महोगनी लांकडाची आहे. तिला किड्यांनीं पाडलेलीं भोंकें त्यांनीं काड्यांनीं बुजविलीं. अंगाचें कांहीं लांकूड जुन्या टेबलाचें. स्वर थरथरविण्याच्या यंत्राच्या स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलीच्या, व त्याच्या दांड्याचें टोंक विणकामाच्या सुईचें. पडद्यांमधील शुभ्र खुणा आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याच्या गुंड्यांच्या आहेत. अंगाच्या आंत त्यांनीं मुद्दाम पोकळी ठेविली. कारण मोठ्या आवाजांत उभें राहिलें असतां तो आवाजच तारेला पुनः हालवितो, व स्वर पुष्कळ वेळ टिकून गाऊं लागतो. हा परिणाम त्यांस अगोदरपासूनच हवा होता.

दुसरी कडी पिकअपची. लोहचुंबकाभोंवतीं बारीक तारेचे वेढे घातलेले असतात. पोलादी तार त्यावर हालली कीं वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मे ह्यांच्या गिटारला असे तीन पिकअप आहेत, व ते एकामागून एक अशा क्रमानें जोडलेले आहेत. त्यामुळें दोन चालू केले तर वीज वाढते. शिवाय प्रत्येकास दोन लहान बटणें आहेत: एक चालू-बंद करण्याचें, दुसरें विजेची दिशा उलटी करण्याचें. दोन लाटांपैकीं एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर दोन्ही एकमेकींस पुसून टाकतात. दिशा उलटली कीं दोन पिकअपांत जो भाग समान असेल तो पुसला जातो व उरलेला पातळ, सानुनासिक भाग ऐकूं येतो. एकाच वाद्यांतून गोड व तिखट असे अनेक रंग निघतात ते ह्या बटणांमुळें.

तिसरी कडी अगदीं स्वस्त आहे. बहुतेक वादक तार छेडण्यास लवचिक पट्टी वापरतात. मे सहा पेन्सांचें जुनें नाणें वापरतात. नाण्याच्या कडेस बारीक दांते असतात. नाणें सपाट धरलें तर आघात मऊ होतो. किंचित् तिरपें धरलें तर दांते तारेस घांसून स्वराच्या आरंभीं एक खरखरीत व्यंजन उमटतें. नाणें वाकत नसल्यामुळें तारेचा प्रत्येक हेलकावा बोटांस समजतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढाच प्रयोग करून पाहावा: एकच स्वर, प्रथम पट्टीनें, मग नाण्यानें. पैसा न खर्चतां स्वराची जाति बदललेली त्यांस ऐकूं येईल.

चौथी कडी अँप्लिफायरची, व हीच सर्वांत महत्त्वाची. तरुणपणीं मे ह्यांनीं लंडनमध्यें रोरी गॅलघर ह्या आयरिश वादकाचें वादन ऐकलें, आणि कार्यक्रमानंतर धीट होऊन, ‘आपला हा आवाज कसा निघतो?’ असें त्यांस सरळ विचारिलें. गॅलघर ह्यांनीं कांहीं न लपवितां उत्तर दिलें: व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’ अँप्लिफायर, आणि त्याच्या अगोदर उंच स्वर चढविणारी एक छोटी पेटी. मे ह्यांनीं तीच जोडी धरली व ती पुढें सोडली नाहीं. ‘एसी ३०’ हा तीस वॉटचा यंत्रसंच जुन्या रेडिओप्रमाणें कांचेच्या व्हॉल्व्हांवर चालतो. त्याची कळ पूर्ण फिरविली कीं व्हॉल्व्ह आपल्या शक्तीच्या सीमेस पोंचतात. लाटेचीं शिखरें त्यांतून जाऊं शकत नाहींत. तीं कापलीं जातात, आणि कापलेल्या लाटेंत नवे उपस्वर जन्मास येतात. व्हॉल्व्हांची कापणी हळुवार असते, म्हणून तो स्वर कर्कश न होतां भरदार होतो. विजेची जवारी म्हणतां येईल ती हीच.

मग अगोदरच्या छोट्या पेटीचें काय काम? खर्जाचा जोर फार असला तर कापणींत तो सर्व स्वरांस चिखलासारखा माखतो. पेटी उंच स्वरांस जोर देऊन पुढें ढकलते, त्यामुळें कापणी स्वच्छ होते व स्वर गातो. येथें क्रमास महत्त्व आहे. हीच पेटी अँप्लिफायरच्या मागून लाविली तर परिणाम साधणार नाहीं. फोडणी आधीं घालावयाची कीं नंतर, ह्यानें आमटीची चव बदलते, तसेंच हें आहे. अँप्लिफायर सदैव पूर्ण जोरावर असतां मे गिटारवरील आवाजाची कळ उतरवितात. मग लाट लहान होते, शिखरें कापलीं जात नाहींत, व तोच संच निर्मळ वाजूं लागतो. म्हणजे सौम्य आणि उग्र हे दोन्ही स्वर एकाच संचाचे असून, त्यांची किल्ली वादकाच्या करंगळीजवळ असते.

पांचवी कडी प्रतिध्वनीची. कर्नाळा किल्ल्यावरील अंगठ्यासारखा उभा सुळका सर्वांस ठाऊक आहे. समजा, अशा एखाद्या कड्यापासून १३६ मीटरांवर उभें राहून आपण टाळी वाजविली. आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो; जाऊन येऊन २७२ मीटरांस त्याला आठ दशांश सेकंद लागतील. तेवढ्या वेळांत आपण दुसरा स्वर म्हटला, तर पहिला परत येऊन त्यास मिळेल व दोन स्वरांचा मेळ होईल. मे ह्यांनीं हेंच काम टेपवर स्वर नोंदून तो उशिरानें परत ऐकविणाऱ्या यंत्रांकडून करून घेतलें. मिळणारा अवधि कमी पडे, म्हणून त्यांनीं तीं यंत्रें लांबवून घेतलीं. मूळ स्वर मधल्या अँप्लिफायरांतून, पहिला प्रतिध्वनि एका बाजूच्या व दुसरा दुसऱ्या बाजूच्या अँप्लिफायरांतून सोडला, म्हणजे एकटा वादक तिघांप्रमाणें वाजूं लागतो. १९७४ च्या ‘ब्रायटन रॉक’ ह्या रचनेंतील लांब वादनाचें मर्म हेंच आहे.

ह्या ठिकाणीं एक भेद ध्यानांत ठेवावा. ध्वनिमुद्रिका व रंगमंच ह्यांचे स्वर एक नसतात. मुद्रणगृहांत एकावर एक अनेक गिटारी चढवितां येतात. शिवाय तेथें मे एक लहानसा अँप्लिफायर वापरीत. तो ‘क्वीन’चे सहवादक जॉन डीकन ह्यांनीं रस्त्याकडेच्या टाकाऊ सामानांत सांपडलेल्या मंडलापासून तयार केला होता. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ ह्या गीतांतील बँडवाद्यांचा भास त्यांतून निघालेला आहे. रंगमंचावर मात्र एकच गिटार असते. म्हणून मुद्रिका ऐकून रंगमंचावरील संच शोधूं पाहणारा हमखास फसतो. प्रत्यक्ष कार्यक्रमाचें मुद्रण ऐकावें. १९८५ सालच्या १३ जुलै रोजीं वेंब्ले येथें झालेल्या ‘लाइव्ह एड’चें चित्रण ह्या कामीं उत्तम आहे.

शोधाची रीत अशी. प्रथम स्वराचा आरंभ ऐकावा: तो मऊ आहे कीं खरखरीत? ह्यावरून हात व छेडणी कळते. मग मध्य ऐकावा: स्वर निर्मळ कीं भरलेला? ह्यावरून अँप्लिफायर कळतो. मग शेवट ऐकावा: तो विरतो, टिकतो, कीं परत येतो? ह्यावरून प्रतिध्वनि कळतो. नंतर आपल्या वाद्यावर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व वहींत टिपून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणतीचा परिणाम कोणता हें कळणार नाहीं. शास्त्राच्या तासास प्रयोगशाळेंत जो नियम पाळावयाचा तोच हा. आणखी एक सूचना: तीस वॉटचा संच घरांत पूर्ण जोरावर वाजविणें शेजाऱ्यांस व स्वतःच्या कानांस अपायकारक आहे. लहान संचावर अभ्यास करावा. गेलेली श्रवणशक्ति परत मिळत नाहीं.

पालकांस दोन शब्द सांगून आम्ही लेख संपवितों. ज्या पित्यानें मुलाबरोबर बसून गिटार घडविली, त्यासच मुलानें शास्त्राचें अध्ययन सोडून संगीत धरलें तेव्हां फार दुःख झालें, व बापलेकांत कांहीं काळ दुरावा आला. पुढें अमेरिकेंत मुलाचा भव्य कार्यक्रम डोळ्यांनीं पाहिल्यावर पित्याचें मन निवळलें. आणि अर्धवट राहिलेलें अध्ययनहि वायां गेलें नाहीं: सूर्यमालेंतील धुळीविषयींचा प्रबंध पुरा करून ब्रायन मे ह्यांनीं २००७ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतून डॉक्टरची पदवी मिळविली. जुनें लांकूड, स्प्रिंगा, गुंड्या व एक नाणें ह्यांची किंमत थोडी होती. परंतु पित्यानें दिलेलीं दोन वर्षें कोणत्याहि दुकानांत मिळालीं नसतीं. तेव्हां मुलानें नव्या पेटीसाठीं हट्ट धरला तर नाहीं म्हणण्यापूर्वीं, किंवा होय म्हणण्यापूर्वीं, त्याच्याजवळ बसावें आणि विचारावें, ‘तुला नक्की कोणता आवाज हवा आहे? तो कसा निघतो, हें आपण दोघे शोधून पाहूं.’