रस्त्याची भाषा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावाचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो त्या जागेला सारे 'फाटा' म्हणतात. एक पिंपळ, त्याखाली चहाची टपरी, एस.टी.चा थांबा, एवढाच त्याचा संसार. याच फाट्यावर रोज सकाळची एस.टी. पकडून मी महाविद्यालयात येते. तीन वर्षांपूर्वी शाळेतून परतणाऱ्या एका मुलाला येथे मालमोटारीने उडवले. दुसऱ्या दिवशी गावाने रास्ता रोको केला. साहेब आले, आश्वासन मिळाले आणि नवल म्हणजे आठ दिवसांच्या आत, रातोरात, फाट्याच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक उभे राहिले. गावाचे समाधान झाले.

त्याला महिनाही झाला नसेल. माझी आत्या आपल्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून लग्नाहून परत येत होती. वेळ रात्रीची. गतिरोधकावर ना पांढरे पट्टे, ना अलीकडे एखादा फलक. काळ्या डांबरावर काळ्याच डांबराचा उंचवटा. तो दिसावा कसा? गाडी उडाली आणि आत्या मागच्या मागे पडली. जीव वाचला, पण आजही तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावरचा पदर सावरायलाही तिला उजवा हात लागतो.

एका अपघातावरचा उपाय दुसऱ्या अपघाताचे कारण व्हावा, हे कसे? गावात कोणी म्हणाले, नशीब. कोणी म्हणाले, पोराने गाडी जोरात हाणली असणार. मला ही दोन्ही उत्तरे पटली नाहीत. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे समजले ते येथे मांडण्याचा प्रयत्न करते.

प्रश्न केवढा आहे?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२, तासाला एकोणीस. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. देशातील या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. थोडक्यात, प्रश्न वेगाचा आहे. आणि वेग यंत्रात असला तरी तो वाढवणारा पाय माणसाचा आहे. त्या पायापर्यंत योग्य क्षणी योग्य निरोप पोहोचवणे, हेच सिग्नल, फलक, पट्टे आणि गतिरोधक या साऱ्यांचे काम.

दिव्याचा जन्म

वाहतुकीचा पहिला दिवा मोटारीच्याही आधी जन्माला आला, हे वाचून मला आश्चर्य वाटले. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनमध्ये, ब्रिटिश पार्लमेंटजवळच्या चौकात तो उभा राहिला. त्याचा कर्ता जे. पी. नाईट हा रेल्वेचा अभियंता. त्यामुळे दिवसा रेल्वेसारखे हात खालीवर होत आणि रात्री वायूचे लाल-हिरवे दिवे जळत. पोलीस शिपाई खाली उभा राहून तो चालवी. पण जानेवारी १८६९ मध्ये वायूचा स्फोट होऊन शिपाई भाजला आणि तो प्रयोग बंद पडला. सुरक्षेच्या साधनानेच इजा केल्याची ही जुनी कथा वाचताना मला आमचा गतिरोधक आठवला.

पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल लागला. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. १९२० मध्ये डेट्रॉइट येथील विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने चार रस्त्यांच्या चौकासाठी पिवळ्याची भर घातलेला तिरंगी दिवा तयार केला. रस्त्यावरचा हा मधला रंग पोलिसाला सुचला, यात नवल नाही. 'चला' आणि 'थांबा' यांच्यामध्ये माणसाला विचार करायला दोन क्षण लागतात, हे चौकात उभ्या राहणाऱ्यालाच कळणार!

आपल्याकडे रस्त्यांचा शास्त्रशुद्ध विचार सुरू होण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. १९२७ साली सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्यावरचा फलक केवढा असावा, पट्टा कोठे मारावा, गतिरोधक किती उंच असावा, याची मानके आजही हीच संस्था ठरवते.

निरक्षरालाही वाचता येणारी लिपी

माझे वडील दुसरी इयत्तेपर्यंत शिकले. हंगामात ते उसाचा ट्रॅक्टर चालवतात. वर्तमानपत्र वाचायचे तर मला हाक मारतात. पण रस्त्यावरचा फलक मात्र ते माझ्या आधी वाचतात. याचे कारण ही भाषा अक्षरांची नाही, आकारांची आहे. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी: पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. वर्तुळ म्हणजे आज्ञा: ती मोडली तर गुन्हा. आयत म्हणजे माहिती: पुढे रुग्णालय, पेट्रोल पंप किंवा अमुक गाव इतके किलोमीटर. आज्ञांपैकी दोघींना मात्र खास आकार दिले आहेत. 'थांबा' हा फलक अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा फलक उलट्या त्रिकोणाचा. धूळ बसून चित्र पुसट झाले तरी बाह्यरेषेवरून अर्थ कळावा, ही त्यामागची दृष्टी. १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही अक्षरांपेक्षा चिन्हांवर भर दिला.

आम्ही भाषेच्या तासाला शिकतो की शब्द आणि अर्थ यांचे नाते समाजाच्या संमतीवर टिकते. रस्त्याच्या भाषेचेही तसेच आहे. शब्द वाटेल तसा वापरला की त्याचा अर्थ झिजतो. जिथे शाळा दहा वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेली तिथे 'पुढे शाळा आहे' हा फलक उभाच राहिला, तर चालक पुढच्या खऱ्या शाळेजवळही वेग कमी करणार नाही. लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या मुलासारखी त्या फलकाची गत होते.

पिवळ्या दिव्याचे कोडे

पिवळा दिवा लागला की आपल्याकडे पुष्कळ जण वेग वाढवतात. हा केवळ उद्धटपणा असतो असे नाही. त्यात थोडे गणितही आहे. धोका दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत दोन गोष्टी घडतात. आधी मेंदूला समजून पाय ब्रेकवर जातो आणि मग ब्रेक लागून गाडी थांबते. रस्ते आखताना पहिल्या गोष्टीसाठी आपल्याकडे अडीच सेकंद धरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्याच्या आधीच ४२ मीटर गेले. पुढचे अंतर मिळवून ही बेरीज सुमारे ८० मीटर होते. ताशी ३० किलोमीटर वेगाला मात्र ३० मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर दुपटीहून बरेच अधिक वाढते, ही गोष्ट प्रत्येक चालकाने मनावर कोरून ठेवावी अशी आहे.

आता समजा, ताशी ६० च्या वेगाने आपण चौकाकडे येत आहोत आणि तीन सेकंदांचा पिवळा दिवा लागला. तीन सेकंदांत आपण ५० मीटर जाऊ. चौक ५० मीटरच्या आत असेल तर लाल होण्यापूर्वी थांबरेषा गाठू. ८० मीटरच्या पलीकडे असेल तर सावकाश थांबू. पण ६५ मीटरवर असलेल्याने काय करावे? त्याला धड थांबताही येत नाही आणि धड जाताही येत नाही! १९६० साली गाझिस, हरमन आणि माराडुडिन या तीन शास्त्रज्ञांनी या कोड्याचे गणित मांडले. त्याचे तात्पर्य असे की, पिवळ्या दिव्याचा काळ त्या रस्त्यावरच्या प्रत्यक्ष वेगाशी आणि चौकाच्या रुंदीशी जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर कायदा पाळू इच्छिणारा माणूसही कायदा मोडतो.

साधन आणि मन

एवढ्यावरून कोणी म्हणेल, साधने नीट करा म्हणजे झाले. पण माणसाचे मन इतके सरळ नाही. जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये असे मत मांडले की, प्रत्येकाच्या मनात किती धोका पत्करायचा याचे एक माप ठरलेले असते. रस्ता सुरक्षित वाटला की माणूस वेग वाढवून ते माप भरून काढतो. हे मत सर्वांना मान्य नाही. तरी त्यात तथ्याचा अंश आहे, हे स्वीडनच्या उदाहरणावरून दिसते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्या देशाने डाव्या बाजूने चालणारी सारी वाहतूक एकदम उजवीकडे नेली. हाहाकार होईल अशी भीती होती. झाले उलटेच. नवख्या रस्त्यावर जो तो जपून चालवू लागला आणि अपघात कमी झाले. पण पुढे सवय झाली, धास्ती गेली आणि दोन वर्षांत अपघात पूर्वपदावर आले.

नेदरलँड्समधील हान्स मोंडरमन या वाहतूक अभियंत्याने तर ड्राख्टन गावच्या गजबजलेल्या चौकातून सिग्नलच काढून टाकले. दिव्याकडे पाहणारा माणूस दुसऱ्या माणसाकडे पाहत नाही, असा त्याचा विचार होता. चौकात वर्तुळाकार बेट केले, वेग आपोआप उतरला आणि लोक एकमेकांच्या नजरेला नजर देऊन वाट काढू लागले. परंतु ज्याला नजरच नाही त्या अंध माणसाने तेथे काय करावे, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. शिवाय जेथे वाहने मुळात सावकाश चालतात तेथेच हे जमते. आमच्या फाट्यावर ते चालणार नाही.

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले होते की, शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती किती निश्चित आणि किती तत्काळ आहे, याचा परिणाम अधिक होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे हे 'धोकादायक वाहन चालवणे' ठरून एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कारावासही होऊ शकतो. पण दंडाचा निरोप पंधरा दिवसांनी मोबाईलवर आला, तर तोवर चूकच विसरलेली असते. मुंबई पोलिसांनी याच्या उलट एक गमतीचा प्रयोग केला आणि जानेवारी २०२० मध्ये तो लोकांपुढे आणला. काही चौकांतील सिग्नलना आवाज मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! जितका भोंगा वाजवाल तितके थांबाल. शिक्षा लहानच, पण तिथल्या तिथे.

पुन्हा आमचा फाटा

आता गतिरोधकाकडे येते. डांबर ओतून ढीग केला की गतिरोधक झाला, अशी आपली समजूत असते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेले माप असे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर आणि गोलाई १७ मीटर त्रिज्येची. म्हणजे तो उंचवटा टोकदार नसून ताटाच्या पाठीसारखा पसरट हवा. त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला त्रास होऊ नये आणि त्याहून जोरात जाणाऱ्याला धक्का बसावा, हा हेतू. अलीकडे सुमारे ४० मीटरवर इशाऱ्याचा फलक हवा आणि उंचवट्यावर रात्रीही दिसतील असे पट्टे हवेत. मी आणि माझ्या चुलतभावाने फाट्यावरचा गतिरोधक दोरीने मोजला. रुंदी दीड मीटरसुद्धा भरली नाही आणि उंची मात्र वीतभर.

तेव्हा आत्याच्या अपघाताचा अर्थ मला उमगला. उंचवटा ही शिक्षा आहे आणि फलक ही सूचना आहे. सूचना न देता केलेली शिक्षा माणसाला शहाणे करीत नाही, ती फक्त इजा करते. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९८ अ हे कलम आले आहे. त्यानुसार मानकांप्रमाणे रस्ता न बांधणाऱ्याला व न राखणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रस्त्याची भाषा नीट लिहिणे हेही आता कर्तव्य आहे. ती नीट वाचणे एवढेच नव्हे.

गेल्या वर्षी आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी त्या गतिरोधकावर चुन्याचे पट्टे ओढले. पहिल्याच पावसात ते धुऊन गेले. मग आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला, दोनदा हेलपाटे घातले आणि दिवाळीच्या सुमारास एका बाजूला फलक लागला. आनंद झाला, पण पंधरा दिवसांत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे भले मोठे कापड नेमके त्या फलकावर बांधले गेले. ते सोडायला वडील स्वतः गेले. टपरीवर बसलेल्यांपैकी कोणी विचारले, "काय हो, काय लिहिलंय असं त्या पाटीवर?" वडील म्हणाले, "लिहिलेलं काही नाही. पण कळतं."

दुसऱ्या बाजूचा फलक अजून लागायचा आहे. त्यासाठीचा तिसरा अर्ज मी हा लेख संपवून लिहायला घेणार आहे.